प्रवेश मिळाला, गणिताच्या पेपरचे काय?

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी कार्यकर्ते धावपळ करतात. ती केलीच पाहिजे. अनुसूचित जातीच्या १३ टक्के जागांपैकी एकही सुटता कामा नये. परंतु प्रवेश झाल्यावर त्या मुलाचे काय झाले, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. आमचे म्हणणे असे की, दारात मिळवलेली जागा पहिल्याच वर्षी आत निसटू शकते, आणि ती निसटण्याची ठिकाणे आहेत गणित आणि मेकॅनिक्स.

तंत्रशिक्षण मंडळाची ‘के’ स्कीम २०२३-२४ पासून सुरू झाली. पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स, दुसऱ्यात अप्लाइड मॅथेमॅटिक्स, आणि सिव्हिल-मेकॅनिकलच्या मुलांना सोबत इंजिनिअरिंग मेकॅनिक्स. हा विषय कच्चा राहिला की पुढे सिव्हिलला मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स आणि मेकॅनिकलला स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स उभेच राहत नाहीत. मग एटीकेटी, मागे पडलेले वर्ष, शिष्यवृत्तीची अडचण, आणि शेवटी मुलगा बापाबरोबर कामावर!

वास्तविक मेकॅनिक्समध्ये आहे काय? भिंतीला टेकवलेली शिडी का घसरते, कप्पीने ओझे कमी जोरात का उचलले जाते, स्क्रू जॅकने एकटा माणूस ट्रक कसा उचलतो. गवंड्याच्या, हमालाच्या, गॅरेजवाल्याच्या पोराने हे डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला अडवते ती त्रिकोणमिती. जमिनीशी ६० अंशाचा कोन करून ५०० न्यूटनचे बल लावले, तर आडवे बल २५० आणि उभे ४३३ न्यूटन. ही साइन-कोसाइनची दोन ओळींची करामत नववी-दहावीत नीट शिकवली गेली नसेल, तर पुढचा सगळा पेपर त्याला परका होतो. त्यात गणिताचा शिक्षक शिडीचे नाव काढत नाही आणि मेकॅनिक्सचा शिक्षक ‘हे तुम्हाला येतेच’ म्हणून पुढे जातो. ज्याच्या घरी शिकवणीला पैसा आहे तो तरतो, दुसऱ्याला ‘गुणवत्ता नाही’ असे म्हटले जाते. मग ही परीक्षा गुणवत्तेची की बापाच्या खिशाची?

भाषेचा प्रश्नही आहेच. २०२१ मध्ये एआयसीटीईने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली, पहिल्या वर्षाची पुस्तके मराठीतही आली. ती किती वर्गांत उघडली जातात, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या पॉलिटेक्निकमध्ये जाऊन पाहावे.

त्याहून गंभीर बाब २०२४ मधली. दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर उत्तीर्ण करावे, मात्र पुढे या विषयांचे शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा, अशी सूचना राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातून पुढे आली. दिसायला ही सवलत. प्रत्यक्षात पंधराव्या-सोळाव्या वर्षी मारलेला शिक्का. तो कोणत्या वस्त्यांतील मुलांवर अधिक बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणावर समाजाचे फारसे भागणार नाही, असे त्यांनी त्यात बजावले होते. (काळा कोट घालणाऱ्या आम्हाला हे वाचणे सोयीचे नाही, तरी ते खरे आहे.)

तेव्हा दोन कामे लगेच करता येतील. विहारांच्या अभ्यासिकांत जून-जुलैमध्ये त्रिकोणमिती आणि बीजगणिताचा महिनाभराचा वर्ग आपल्यातील निवृत्त कनिष्ठ अभियंत्यांनी घ्यावा. दुसरे, माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली प्रत्येक जिल्ह्यातून एक अर्ज जावा: गेल्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाच्या गणित आणि मेकॅनिक्समध्ये प्रवर्गनिहाय किती बसले, किती उत्तीर्ण झाले, किती जणांनी पॉलिटेक्निक सोडले, आणि या विषयांच्या शिक्षकांची किती पदे रिक्त आहेत. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.