तासाला येण्याआधीची पाने

ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचेही होते. इमारत आणि खाटा यांची चौकशी त्याच जिल्ह्यातले सेनगावकर करतीलच. पण तिथे तास कसा घेतला जातो, हाही आपलाच प्रश्न आहे. मण्यारीचा दंश घ्या. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज जवळपास नसते, दंशाची खूण सापडेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, पुढे श्वास अडतो. घोणशीचे निराळे : सूज चढते, रक्त गोठेनासे होते. ते तपासायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी कलती करून पाहायचे. एवढे वाचायला अर्धा तास पुरतो. तेच फळ्यावर उतरवण्यात तास संपला, तर खरा प्रश्न राहून जातो : पहाटे पाचला पोटदुखीचा शेतकरी आला, साप कुणीच पाहिला नाही, तर आधी काय विचाराल, काय तपासाल? हा विचार शिक्षकासमोर, चुकत चुकत व्हायला हवा. त्यासाठी वाचन आधीच झालेले हवे.

ह्यू आणि लो या संशोधकांनी २०१८मध्ये आरोग्यशिक्षणातील २८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आधी अभ्यास करून वर्गात चर्चा करणारे विद्यार्थी निव्वळ व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. तासाच्या सुरुवातीला छोटी चाचणी होती तिथे फायदा अधिक दिसला. मला ही चाचणीची बाब फार मोलाची वाटते. नुसते ‘वाचून या’ म्हटल्याने कुणी वाचत नाही.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचाच डोंगर असतो, त्यात मराठी माध्यमातल्या मुलीला इंग्रजी पुस्तकाचे एक पान तासभर पुरते, हा आक्षेप खराच आहे. पण ती न वाचता बसली, तर नवे शब्द आणि नवी संकल्पना दोन्ही एकदम अंगावर येतात. घरी किंवा वसतिगृहात ती अडलेल्या शब्दापाशी थांबू शकते. व्याख्यान कुणासाठी थांबत नाही. २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात स्वयंअध्ययनाला वेगळे तास दिलेले आहेत. पूर्वतयारी त्यांतच बसवावी, झोपेतून कापू नये. पाच-सहा पाने, दोन-तीन प्रश्न आणि अवघड शब्दांचे मराठी अर्थ एवढे आदल्या दिवशी हाती द्यावे. आणि शिक्षकांनी वर्गात तीच पाने पुन्हा वाचून दाखवू नयेत. तसे झाले तर पुढच्या आठवड्यापासून पुस्तक कुणीच उघडणार नाही.