विरोध यंत्राला नसतो

कार्यालयात नवी प्रणाली आली आणि रखडली, की वरिष्ठांचे निदान ठरलेले असते: माणसे जुन्या वळणाची आहेत, त्यांना बदल नको असतो, आणखी एक प्रशिक्षण ठेवा. हे निदान साफ चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा गेली दोन दशके आपल्यासमोर आहे.

आधी पूर्वपक्ष. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञानाच्या स्वीकाराचे जे प्रारूप मांडले, त्यात दोन गोष्टींना महत्त्व आहे. यंत्र आपल्या कामाला येईल असे माणसाला वाटते का, आणि ते वापरायला सोपे वाटते का. पुढच्या अनेक अभ्यासांत हे प्रारूप टिकले. ते मोडीत काढण्याचे कारण नाही. पण त्यातला मूळ प्रश्न एकेकट्या माणसाला विचारलेला आहे. चूक दाखवली तर साहेब काय करतील, याची धास्ती त्या दोन प्रश्नांत मावत नाही. आणि वापर सक्तीचा असेल, तर लॉगिनच्या आकड्यावरून स्वीकार मोजताच येत नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी दोन सहकाऱ्यांसह १६ रुग्णालयांतल्या हृदयशस्त्रक्रियेच्या पथकांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. छातीचे हाड न कापता बरगड्यांमधल्या लहान छेदातून शस्त्रक्रिया करण्याचे नवे तंत्र ही पथके शिकत होती. जुन्या पद्धतीत सर्जनला सगळे समोर दिसे. महाधमनीला चिमटा तो स्वतःच्या हाताने लावी. नव्या पद्धतीत जांघेतल्या धमनीतून एक छोटा फुगा वर सरकवून महाधमनी आतून बंद करायची होती. तो फुगा सर्जनला दिसत नाही. भूलतज्ज्ञाने सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून त्याची जागा सांगायची, इतरांनी दाबावर लक्ष ठेवायचे. फुगा सरकल्याचे ज्याच्या ध्यानात आले तोच गप्प बसला, तर रुग्णाच्या जिवावर बेतणार. वर्षानुवर्षे मागितले ते हत्यार मुकाट्याने हातात देणाऱ्यांनी आता न विचारता बोलायचे होते.

यंत्र सगळीकडे एकच. प्रशिक्षणही सारखेच. रुग्णालयाचे नाव, सर्जनची ज्येष्ठता, व्यवस्थापनाचा पाठिंबा, यांपैकी कशानेही यशाचा उलगडा झाला नाही. हे मला एकट्याला जमणारे नाही, तुमचे डोळे मला हवेत, असे ज्या सर्जननी पथकाला मनापासून पटवले, आधी एकत्र सराव केला आणि बोलणाऱ्याला गप्प केले नाही, तिथे तंत्र रुजले. मग ‘आणखी एक प्रशिक्षण’ या उपायात उरले काय?

बोलायला धास्ती नसण्याच्या या वातावरणाला एडमंडसन मानसिक सुरक्षितता म्हणतात. दुसरा आक्षेप असा, की तिच्यामुळे शिस्त ढिली पडते, माणसे लाडावतात. एडमंडसन यांच्या व्याख्येत लाडाला कुठेच जागा नाही. शंका विचारली, चूक कबूल केली, तरी अपमान किंवा शिक्षा होणार नाही, हा पथकातला सामाईक विश्वास एवढाच तिचा अर्थ. शस्त्रक्रियागृहाइतकी कडक शिस्त दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि तिथेच या विश्वासाची गरज सिद्ध झाली.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. यांना तंत्रज्ञान जमत नाही, हा शेरा सोयीचा होता. पण याच सेविका आधीच्या ॲपवर मराठीतून नोंदी करत होत्या. नव्या पोषण ट्रॅकरमध्ये माहिती इंग्रजीत भरायची होती, आणि दोन जीबी क्षमतेच्या हँडसेटना ते ॲप पेलत नव्हते. प्रणालीतल्या खऱ्या उणिवा त्या नेमक्या सांगत होत्या. फोन परत करण्याची वेळ येईपर्यंत ते ऐकले गेले नाही, हा दोष सेविकांचा कसा?

एडमंडसन यांच्या १९९६ मधल्या अभ्यासात, जिथे प्रमुख चांगले आणि वातावरण मोकळे, त्या वॉर्डांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली. मोकळेपणामुळे तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हा त्यांनी काढलेला अर्थ. म्हणून नव्या प्रणालीबद्दल पहिल्या महिन्यात एकही तक्रार नाही असा अहवाल आला, तर खातेप्रमुखाने स्वतः खाली उतरावे, नोंदी भरणाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, की प्रणालीपायी कोणती नोंद तुम्हाला खोटी भरावी लागते. आणि उत्तर देणाऱ्याचे नाव त्या दिवशी कुठल्याही कागदावर चढू नये.