मूषक हा तर आरसा!

ऑगस्ट २०१७मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची भटकी कुत्री फिरताना दिसली आणि त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. कासाडी नदीत मिसळणाऱ्या रंगीत सांडपाण्याची चर्चा झाली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर बंदची कारवाई केली आणि विषय मागे पडला. निळा रंग डोळ्यांना दिसला म्हणून समाज हादरला. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचे काय? त्याच परिसरातील नाल्यांत, गोदामांत आणि शेतांच्या बांधांवर वावरणारे उंदीर व घुशी कोणते जंतू वाहून नेतात, हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

उंदराने दिलेले घाव महाराष्ट्राला नवे नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पाहता पाहता पुण्यात पोहोचला. प्लेगनिवारणाच्या नावाखाली झालेल्या घरझडत्यांचा संताप २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या गोळीतून प्रकटला. त्याच संकटात लोकमान्य टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारले आणि सावित्रीबाई फुले यांनी रुग्णसेवा करताना देह ठेवला. १९९४ साली बीड आणि सुरत येथे प्लेगने पुन्हा डोके वर काढले. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले. उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे माणसाच्या शरीरात शिरतात, हे तेव्हा घराघरांत कळले.

या साऱ्या संकटांत अलीकडे एक दिलासा होता, तो प्रतिजैविकांचा. लेप्टो आजही वेळीच दिलेल्या पेनिसिलिन वा डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. परंतु १९९५ साली मादागास्करमधील एका रुग्णात प्लेगचा असा जंतू सापडला, ज्याच्यावर नेहमीची अनेक औषधे निष्प्रभ ठरली. औषधाला न जुमानण्याचा हा गुण एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. उंदराच्या आतड्यात असे असंख्य जंतू एकत्र नांदतात. खरा धोका तेथे आहे.

उंदीर काही औषधाच्या दुकानात जात नाही. तरीही १९९९ साली इंग्लंडच्या ग्रामीण भागातील रानउंदरांत प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणात आढळले. उलट, दोन वर्षांनी फिनलंडच्या विरळ वस्तीच्या प्रदेशातील रानउंदरांत व हरणांत ते जवळजवळ आढळलेच नाहीत. या दोन अभ्यासांतून निघणारा बोध एवढाच की, माणूस जे सृष्टीत टाकतो, त्याचेच प्रतिबिंब वन्य जिवांत उमटते. मूषक हा गुन्हेगार नव्हे, आरसा आहे.

तो आरसा आपल्या देशाला काय दाखवील? २००७ साली हैदराबादजवळील पाटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्ससिनचे अंश धक्कादायक प्रमाणात आढळले. केंद्र शासनाने जानेवारी २०२०मध्ये अशा अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा आणला. २०२१च्या अंतिम अधिसूचनेतून मात्र त्या मर्यादा गळाल्या. उद्योगांची अडचण समजून घ्यावी, पण राष्ट्राच्या आरोग्याचे मोल देऊन नव्हे. त्या मर्यादा पुन्हा आणणे अत्यावश्यक आहे.

तळोज्यात रसायन, औषध आणि मत्स्यप्रक्रिया उद्योग शेजारी शेजारी आहेत. लगत आगरी-कोळी बांधवांची जुनी गावे आणि सिडकोच्या नव्या वसाहती आहेत. कासाडीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. आता नदीचे पाणी व गाळ यांच्याबरोबर परिसरातील उंदरांचीही नियमित जंतुतपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष जनतेसमोर यावेत. २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेने पावसाळ्यापूर्वी नालेसफाई आणि कचरा उचलणे ही केवळ ठेकेदाराची कामे मानू नयेत. विष घालून उंदीर मारले, पण उकिरडा तसाच ठेवला, तर नवे उंदीर येणारच.

समाजाचेही कर्तव्य आहे. वैद्याच्या सल्ल्याविना प्रतिजैविके घेणे, बरे वाटताच ती मध्येच सोडणे आणि उरलेल्या गोळ्या कचऱ्यात फेकणे या सवयी सोडाव्याच लागतील.

हिंदू संस्कृतीने मूषकाला गणरायाच्या चरणांशी स्थान दिले. सृष्टीतील क्षुद्र जिवाचेही माणसाशी नाते आहे, हा त्यामागील भाव. व्यष्टी, समष्टी आणि सृष्टी यांचा एकात्म विचार सांगणाऱ्या पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या देशात हे वेगळे सांगावे लागू नये. दरवर्षी विघ्नहर्त्याची मूर्ती ज्या पाण्यात आपण विसर्जित करतो, ते पाणी निर्मळ राखणे हीच त्याची खरी पूजा होय.