नाव आपलं, चावीही आपलीच



अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी घरातच गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आणि २०२० मध्ये पद्मश्रीच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव आलं.

आपल्यातल्या शिवणकाम, मसाले, हिशेबलेखन करणाऱ्या काही जणी आता गिऱ्हाईक मिळावं म्हणून वेबसाइट काढतात. तिथे नाव मात्र नवऱ्याच्या दुकानाचं, फोन दिराचा आणि पासवर्ड मुलाकडे! कष्ट तिचे, ओळख दुसऱ्याची. सातबाऱ्यावर बाईचं नाव नसण्याचीच ही नवी तऱ्हा.

वेबसाइट साधी असू द्या, पण आपल्या नावाची. आधी निवडक कामांचे पाच-सहा स्पष्ट फोटो, प्रत्येकाखाली काय केलं, किती दिवसांत केलं याच्या दोन ओळी. मग दर स्पष्ट लिहा. ‘बघून द्या’ नको. गिऱ्हाइकाची परवानगी असेल तर त्याचा अभिप्राय द्या. धंद्यासाठी वेगळा फोन नंबर ठेवा, घरचा पत्ता टाळा. आणि वेबसाइटची नोंदणी स्वतःच्याच नावावर करा.

मदत जरूर घ्यावी, पण चावी आपल्याच कमरेला असावी.