समजून घ्या : नव्या मोसमाआधी गावच्या कबड्डी संघाला नेमकं काय हवं?

भातकापणी आटोपली की महाड-पोलादपुरात कबड्डीची मैदानं आखली जातात. त्याआधी संघबांधणीची चर्चा रंगते आणि ‘एखादा तगडा चढाईपटू आणा’ इथेच थांबते. पण गरज तीच आहे का?

चढाईपटू पुरेसा का नाही?
तो बाद झाला की बाहेर बसतो. संघाने गडी टिपला तरच बाद झालेले क्रमाने आत येतात. बोनस गुणावर कुणी परत येत नाही. म्हणजे हुकमी चढाईपटू बाहेर असताना त्याला आत आणायला साथीदारांची पकड लागते. ती जमली नाही तर लोण चढतो आणि समोरच्याला २ जादा गुण मिळतात.

मग कोण हवं?
घोटा धरणारे दोन कोपरारक्षक आणि वेळेवर धावून येणारे मध्यरक्षक. ही जोडी एकत्र सरावातूनच जमते. खरी अडचण इथेच आहे. अनेक मुलं मुंबई-पुण्यात नोकरीला, काही महाड एमआयडीसीत पाळीवर. चढाईपटू शनिवारी येऊन खेळू शकतो, पकडीची जोडी तशी जमत नाही.

यादी कशी करावी?
१२ जणांत ७ मैदानात, ५ राखीव. कोपरे गावात राहणाऱ्यांकडे द्या, राखीवमध्येही एक कोपरारक्षक ठेवा. वजन आत्ताच तपासा, पुरुष गटाची मर्यादा ८५ किलो आहे.

नाव लिहिण्याआधी एवढंच विचारा : हा सरावाला येईल का?