भीती कोणाची, बंदोबस्त कोणाचा?

साथीचा रोग आला की राज्यकर्त्यांच्या मुखातून दोन वाक्ये हटकून बाहेर पडतात. पहिले, ‘घाबरू नका’. आणि दुसरे, ‘नियम मोडाल तर गय केली जाणार नाही’. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे वाक्य यावयास हवे. ‘तुमच्या अन्नाची, औषधाची आणि बुडणाऱ्या मजुरीची व्यवस्था आम्ही अशी अशी केली आहे’ हे ते वाक्य. २०२० च्या मार्च महिन्यात, कोरोनाच्या साथीच्या आरंभी, ते वाक्य देशातील कष्टकऱ्यांना वेळेवर ऐकू आले नाही. त्याची त्यांनी मोजलेली किंमत आता विस्मृतीत ढकलली जात आहे, आणि तिच्या जागी एक सोयीस्कर आख्यायिका रूढ होऊ पाहत आहे. सरकारने वेळीच कठोर पावले टाकली, परंतु अडाणी व बेशिस्त लोक अफवांना बळी पडून रस्त्यावर आले, अशी ती आख्यायिका. तिचा समाचार घेणे अगत्याचे आहे. कारण पुढच्या साथीचा बंदोबस्त तिच्याच आधारे आखला जाईल.

प्रथम घटनाक्रम पाहावा. वूहान शहरातील अनाकलनीय न्यूमोनियाची वार्ता जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत ३१ डिसेंबर २०१९ रोजी पोहोचली. ३० जानेवारी २०२० रोजी संघटनेने जागतिक आणीबाणी जाहीर केली, आणि त्याच दिवशी केरळमध्ये भारतातील पहिला रुग्ण आढळला. ९ मार्चला पुण्यात महाराष्ट्रातील पहिल्या दोन रुग्णांची नोंद झाली. ११ मार्चला संघटनेने ही महासाथ असल्याचे घोषित केले. तरीही १३ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालय ‘ही आरोग्यविषयक आणीबाणी नव्हे’ असे सांगत होते. २२ मार्चपासून रेल्वेच्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजता देशाने टाळ्या व थाळ्या वाजविल्या. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरचित्रवाणीवर आले आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सारा देश बंद राहील असे त्यांनी जाहीर केले. पहिल्या रुग्णापासून या घोषणेपर्यंत सरकारला चौपन्न दिवस मिळाले होते. मजुराच्या वाट्याला चार तास आले.

‘टाळेबंदी’ हा शब्द या पानाच्या वाचकांस नवा नाही. मालक कारखान्याच्या दाराला कुलूप घालतो आणि उपासमारीच्या धाकाने कामगारांना नमवू पाहतो, त्याला कामगार चळवळ पिढ्यान् पिढ्या टाळेबंदी म्हणत आली आहे. परंतु त्या टाळेबंदीलाही काही रीत होती. सार्वजनिक उपयुक्ततेच्या उद्योगात टाळेबंदी करावयाची तर औद्योगिक विवाद कायद्यान्वये मालकाला चौदा दिवस आधी नोटीस देणे भाग होते. साऱ्या देशाला टाळे लावताना एवढीही रीत पाळावी असे कोणास वाटले नाही.

धान्याची घोषणा झाली ती दोन दिवसांनी, २६ मार्चला. तीही शिधापत्रिकेच्या आधारे. आणि मुंबईत राबणाऱ्या बिहारी मजुराची शिधापत्रिका होती त्याच्या गावी. शिधापत्रिका नसलेल्या वा ती उपयोगी न पडणाऱ्या आठ कोटी स्थलांतरितांचा विचार केंद्राच्या घोषणेत उमटला तो १४ मे रोजी, म्हणजे टाळेबंदी जाहीर झाल्याला एक्कावन्न दिवस लोटल्यावर. पूर्ण वेतन द्यावे असा हुकूम २९ मार्चला निघाला, तो मेच्या मध्यानंतर मागे घेण्यात आला. अशा स्थितीत ज्याने गावची वाट धरली तो बेशिस्त होता काय? त्याने आपल्या कनवटीचे पैसे मोजले, खोलीचे भाडे मोजले, उरलेले दिवस मोजले, आणि मग पाऊल उचलले. याला हिशेब म्हणतात.

आता अफवांचा मुद्दा. ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारने सांगितले की, टाळेबंदी तीन महिन्यांहून अधिक काळ चालेल अशा खोट्या बातमीमुळे घबराट पसरली व मजूर शहरे सोडून निघाले. न्यायालयानेही हे म्हणणे नोंदवून घेतले. पुढे काय घडले? एकवीस दिवसांची टाळेबंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत, म्हणजे अडुसष्ट दिवस चालली. आणि मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांना ठराविक वेळांपुरती खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी. चालत निघालेल्या मजुराचा अंदाज सरकारच्या शब्दापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होता. ज्या भीतीला अफवा म्हणून हिणविण्यात आले ती अनुभवातून आलेली समज होती.

अफवा नव्हत्याच असे आमचे म्हणणे नाही. कोंबडीच्या मांसातून कोरोना पसरतो या अफवेने त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. १६ एप्रिलला पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने पेटलेल्या जमावाने तिघांचा बळी घेतला. परंतु अफवा रुजते कोठे? जेथे अधिकृत माहिती पोहोचत नाही, किंवा पोहोचलेल्या माहितीवर लोकांचा विश्वास बसत नाही, तेथे. कालपर्यंत ‘घाबरू नका’ म्हणणारा आज लाठी घेऊन दारात उभा राहिला, तर त्याच्या परवाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील?

या लाठीचा वारसा जुना आहे. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ सालचा. मुंबईत प्लेग शिरला १८९६ मध्ये. त्या वेळी परकीय सत्तेने हा अवघ्या काही कलमांचा कायदा घाईघाईने संमत केला. त्यात सरकारला वाटेल ते निर्बंध घालण्याचा अधिकार आहे, आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा आहे, अधिकाऱ्यास संरक्षण आहे. लोकांना अन्न, उपचार वा नुकसानभरपाई देण्याचे एकही कर्तव्य सरकारवर घातलेले नाही. हा कायदा होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला होता, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी त्यांची धारणा झाली होती. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे सैनिक घरोघरी शिरले, आणि त्याचे पर्यवसान काय झाले हे सर्वज्ञात आहे. त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या व त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथीला उत्तर देण्याच्या या दोन वाटा तेव्हाच आपल्यापुढे मांडल्या गेल्या होत्या. स्वतंत्र भारताने सव्वाशे वर्षांनी रँडची वाट निवडावी, ही नामुष्कीची गोष्ट आहे.

भीतीचेही वर्ग असतात. हा रोग आपल्या देशात विमानाने आला. त्यात प्रवाशांचा दोष नव्हता. परंतु संशयाची नजर वळली ती झोपडीकडे. धुणीभांडी करणाऱ्या बायांना सोसायट्यांची फाटके बंद झाली. ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या त्या परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडण्यास सांगण्यात आले. ईशान्य भारतातील तरुणांना ‘कोरोना’ म्हणून हाक मारण्यात आली. तबलिगी जमातीच्या निमित्ताने एका संपूर्ण धर्मसमूहावर रोग पसरविल्याचा आरोप झाला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा बनविले गेल्याचे नमूद केले. सुखवस्तूंची भीती अशा रीतीने धोरण बनली आणि कष्टकऱ्यांची भीती गुन्हा ठरली.

‘रोग नवा होता, लस नव्हती, दुसरे करता काय आले असते?’ असा प्रश्न आपल्यातील काही सहानुभूतिदारही विचारतात. संसर्ग रोखण्यासाठी निर्बंध आवश्यक होते हे आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप क्रमाला आहे: आधी भाकरीची हमी, मग बंदी. हे अशक्य नव्हते. २०१८ मध्ये निपाह विषाणूशी झुंजलेल्या केरळने देशव्यापी टाळेबंदीच्या पाच दिवस आधी, १९ मार्चला, वीस हजार कोटींची योजना जाहीर केली, आणि मार्च संपण्यापूर्वी तेथे सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. परप्रांतीय मजुरांना ते राज्य ‘अतिथी कामगार’ म्हणते. मुंबईत धारावीत पहिला रुग्ण आढळला १ एप्रिलला. एका खोलीत आठ-दहा माणसे आणि शौचालय सामाईक, अशा वस्तीत ‘घरात राहा’ या उपदेशाला अर्थ नव्हता. महापालिकेचे कर्मचारी व वस्तीतील खासगी डॉक्टर दारोदारी गेले, ताप तपासणीची केंद्रे निघाली, संशयितांना शाळांत व क्रीडासंकुलात ठेवून जेवण दिले गेले, शौचालये वारंवार निर्जंतुक केली गेली. तेथे रोग पसरलाच नाही असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु ज्या सर्वनाशाचे भाकीत केले गेले होते तो टळला.

उलटपक्षी, निव्वळ दंडुक्याने साथ आटोक्यात येते असे मानणाऱ्यांनी वूहानच्या डॉ. ली वेनलियांग यांचे स्मरण ठेवावे. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी सहकारी डॉक्टरांना सावध केले. ३ जानेवारीला पोलिसांनी अफवा पसरविल्याबद्दल त्यांना समज दिली. ७ फेब्रुवारीला त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. समाजवादाचे नाव घेणारी राजवट असो वा लोकशाहीचे, जी सत्ता लोकांच्या चिंतेला अफवा म्हणते ती पहिली धोक्याची सूचना गमावून बसते.

जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले सोळा मजूर ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मृत्यू पावले याची माहिती उपलब्ध नाही, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. ज्यांची मोजदादही झाली नाही त्यांच्या वतीने चळवळीने आता काही मागण्या निश्चित केल्या पाहिजेत. १८९७ चा कायदा अपुरा आहे हे विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात मान्य केले. नवा कायदा होईल तेव्हा त्यात केवळ अधिकार वाढता कामा नयेत. निर्बंध लागू होताच शिधापत्रिका न पाहता धान्य, बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि गावी जाण्याची सोय ही शासनाची बंधनकारक कर्तव्ये म्हणून लिहिली गेली पाहिजेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, साथ ऐन भरात असतानाही, तो १.८४ टक्के होता. त्या वचनाचा जाब विचारला पाहिजे. महिना हजार रुपयांच्या जादा भत्त्यावर दारोदार फिरलेल्या आशा सेविकांना कामगार म्हणून मान्यता व वेतन मिळाले पाहिजे.

आणि हे सारे साथ येण्यापूर्वी झाले पाहिजे. साथ दारात आल्यावर मागण्या करणाऱ्यास लाठी मिळते. वस्तीत कोणाकडे शिधापत्रिका नाही, कोणते शौचालय मोडले आहे, कोणत्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, याची यादी आज ज्या कार्यकर्त्याजवळ तयार असेल, त्याच्याच शब्दावर संकटाच्या पहिल्या दिवशी लोक विश्वास ठेवतील.