मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचं खूळ

मंडळी, या वीकेंडचं भांडण साऊंडवाल्यांशी.

शहाद्याला घरी गेलो की आसपासची एखादी जत्रा ठरलेलीच. मागच्या खेपेला एका जत्रेत स्टेजवरून हरवलेल्या पोराचं वर्णन सांगत होते. स्टेजजवळची माणसं कानात बोटं घालून उभी, आणि लांब पाळण्यांपाशी नुसतं "खर्रर्र... शर्ट... खर्रर्र". साऊंडवाल्याला विचारलं तर म्हणे, "भाऊ, पुढच्या वर्षी डबल अ‍ॅम्प्लिफायर आणतो!"

अहो, कशाला? वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबल. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की घटतो ६. हरण्यासाठीच लावलेली शर्यत ही!

"मग लांब भोंगे लावतो की." लावा, पण साधी वायर ओढून नको. हिशोब बघा. १६ ओहमचे ४ भोंगे पॅरलल, म्हणजे ४ ओहम. तिथवर २०० मीटर, १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. जाऊन-येऊन रेझिस्टन्स साधारण ७ ओहम. १०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचे भोंग्यांपर्यंत पोचतात जेमतेम १३ वॅट. त्याहून जास्त वायरच खाते.

आता अ‍ॅम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या टर्मिनलवरून लाईन काढा आणि प्रत्येक भोंग्याला एक लाईन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावा. व्होल्टेज वाढलं, करंट घटला. वायर तीच, पण पोचतात ८७ वॅट! विजेच्या हायटेन्शन लाईनचं तत्त्वही हेच. शिवाय टॅप बदलून जवळच्या भोंग्याला ५ वॅट, लांबच्याला २० देता येतात. टॅपांची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या आत ठेवायची. आणि हो, जोड नीट झाका, १०० व्होल्टचा झटका बसतो.

"ट्रान्सफॉर्मरने बेस मरतो" हा नेहमीचा युक्तिवाद. स्वस्तातल्याने मरतो, मान्य. पण भोंग्यात बेस होता कधी राव? आणि पोराचं नाव सांगायला बेस लागतोच कशाला?

सर्व्हर रडायला लागला की आपण लोड वाटतो ना? इथेही तेच. एक राक्षसी भोंगा नको, छोटे दहा हवेत, हळू बोलणारे. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तसल्या गर्दीत आईचा हात सुटायला किती वेळ लागतो? तेव्हा कान फाटणं कामाचं नाही. शर्टाचा रंग कळला पाहिजे.

असो. साऊंडवाले कुणी ओळखीचे असतील तर त्यांना हे नक्की वाचून दाखवा.